गोड करून सांगितलेला निरोप

मंगळवार संध्याकाळ, क्वेकर्स हिल

इस्रायली-पॅलेस्टिनी वाटाघाटींवरच्या माहितीपट-मालिकेचा तिसरा भाग पाहिला. दोन बाजू दोन खोल्यांत, आणि मधला माणूस इकडचे निरोप तिकडे गोड करून सांगणारा. आता म्हातारा झालाय. म्हणतो, घोळ तिथेच झाला.

माझ्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये मी दुसरं काय करतोय? अवी तेल अवीवचा, युसुफ गाझाचा. आठ वर्षं एकाच टेबलावर काम केलं, युद्ध सुरू झाल्यापासून बोलणं माझ्यामार्फत. "त्याला सांग, घासायचा सँडर जागेवर ठेव." मी पदरचं 'प्लीज' जोडतो. तो मधला माणूसही असंच करायचा.

पण गेल्या आठवड्यात युसुफचा भाचा तिकडे मारला गेला. अवी मान खाली घालून लाकूड घासत राहिला. त्याला वाईट वाटलं असणारच. की मीच तसं धरून चाललो? युसुफला सांगून बसलो, "अवी म्हणाला, फार वाईट झालं."

आज निघताना युसुफ म्हणाला, "बॉस, उद्या त्याचे आभार मानतो. समोरासमोर."

घरी हे ऐकून सुजाता म्हणाली, "अहो, अवीला आत्ताच सांगा." फोन करून सगळं सांगितलं.

"रोज शब्द जुळवत होतो, मेट," तो म्हणाला. "उद्या बोलणार होतो. आता लपवलं, तर तुझ्या शब्दांचे आभार मी घ्यायचे. खरं सांगितलं, तर मी काहीही बोललो तरी त्याला ते तुझंच वाटेल."