थॉर्नली हाउस विकायचे नाही

मी, कुमुद शशिकांत तळपदे, वय सत्तर, धंदा हॉटेल चालवणे, राहणार थॉर्नली हाउस, सिंगापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर नाही असे माझा मुलगा दर्शन सांगत फिरतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. मिळकतीविषयी. टेकडीवरचे हे घर रबरमळ्यांचे मालक थॉर्नली यांनी विलायतेतल्या आपल्या गावच्या घरासारखे बांधले. बर्फ घसरून पडावे म्हणून उतरते छप्पर, दिवाणखान्यात शेकोटी. इथल्या उकाड्यात तिला काडी लावायची वेळ कधीच आली नाही. युद्धात जपानी अधिकारी राहून गेले. पुढे थॉर्नलींची मुलगी एकटी उरली आणि खोल्या भाड्याने देऊ लागली. त्यांतल्या एका खोलीत आम्ही उतरलो. माझे पती जहाजावर इंजिनिअर होते. १९५९ साली इंजिनरूममधल्या स्फोटात ते गेले. त्यांना समुद्रातच निरोप दिला गेला. दर्शन तेव्हा दोन वर्षांचा होता.

माझे दीर संजीव मला न्यायला गिरगावातून आले. म्हणाले, "वहिनी, सामान बांधा. परक्या मुलखात बाईमाणूस कोणाच्या आधारावर राहणार?"

मी म्हटले, "भावजी, आधी जेवून घ्या. उद्या तुमची बोट आहे."

ते एकटेच परतले. मी मिस थॉर्नलींकडे कामाला लागले, आणि त्या कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा पतीची भरपाई, माझे दागिने आणि बँकेचे कर्ज यांवर हे घर घेतले. कागद करताना त्यांचे वकील म्हणाले, "नवऱ्याची सही लागेल."

"ते समुद्रात आहेत. जाऊन घेऊन या."

मिस थॉर्नली मोठ्याने हसल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

घराचे हॉटेल मी केले. शेकोटीच्या कोनाड्यात देव मांडले. त्याने घराचा विलायतीपणा बिघडतो अशी लंडनच्या एका पाहुण्याने तक्रार केली. मी त्याचे बिल तयार करायला सांगितले. देव अजून तिथेच आहेत.

२. गेल्या वर्षी खुब्याचे हाड मोडून मी इस्पितळात असताना दर्शनने कॉन्डोचे, म्हणजे फ्लॅटांचे, टॉवर बांधणाऱ्या कंपनीची माणसे इथे आणली. माझी सून स्मिता हिने फोन केला, "आई, ही माणसं खोल्या मोजताहेत. माझं कोणी ऐकत नाही. तुम्ही या."

मी इस्पितळाच्या कपड्यांतच टॅक्सीत बसले. चाकाच्या खुर्चीतून दिवाणखान्यात आले तेव्हा दर्शन म्हणाला, "आई, इट्स ओन्ली अ बिल्डिंग."

"मराठीत बोल. आईचं घर विकायचं, तर निदान आईच्या भाषेत विक."

मग कंपनीच्या माणसांना मी सांगितले की घर माझ्या नावावर आहे. माणसे टेप गुंडाळून निघून गेली. स्मिताशी तो महिनाभर बोलला नाही. तिने त्याची मनधरणी केली नाही, हे मी पाहिले आहे.

म्हणून थॉर्नली हाउसचा अर्धा हिस्सा स्मिताला, तिच्या एकटीच्या मालकीने. उरलेला अर्धा आमचे हैनान बेटाकडचे चिनी आचारी लिम आ सेंग यांना. तीस वर्षे पाहुणे त्यांच्या हातचे जेवले आणि कौतुक माझे करून गेले. ती चूक इथे दुरुस्त होत आहे.

३. दर्शनला त्याच्या वडिलांचा गणवेश आणि पान्यांची पेटी. शिवाय वरच्या मजल्यावरची एक खोली आणि दोन वेळचे जेवण, तहहयात, विनामूल्य. तो माझा मुलगा आहे. मोजपट्टी मात्र आणू नये.

४. नात तन्वी विचारते, "आजी, फायरप्लेसमधला गणपती मी ठेवू, कॅन लाह?" कॅन, म्हणजे चालेल. देव तिचे.

५. माझ्या अंत्यविधीसाठी हॉटेल बंद ठेवू नये. पाहुण्यांना नाश्ता वेळेवर द्यावा.

६. अंमलबजावणी वकील अरुणा धारप करतील. दर्शन कोर्टात गेला तर जाऊ द्यावे. स्मिताने घाबरू नये. समोरच्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे, चहा विचारावा, आणि मग नाही म्हणावे.

वाचून, समजून सही केली.

कुमुद शशिकांत तळपदे
सिंगापूर, १४ नोव्हेंबर १९९६

आम्हां दोघांसमक्ष सही झाली. या मिळकतीत आमचा काही हिस्सा नाही.
साक्षीदार: डॉ. सुबोध रेगे (सही)
अनघा प्रबोध वैद्य (सही)