पाण्याला नाव कळलं

सोमवार, ३ जून
देवगाव रंगारीहून कालच शहरात आलो. नात प्रांजली इथल्या शॉपिंग सेंटरात तिसऱ्या मजल्यावर साड्यांच्या दुकानात आहे. तिनंच मला चौकीदारीला लावलं. क्रांती चौक पायी दहा मिनिटं. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. जन्म मेंढरांमागं गेला, आता सावलीत बसायचं. पोरीला माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून सारखी काळजी लागते. मनातलं यात लिहा म्हणाली, वही दिली.

५ जून
दुपारी प्रांजली डबा खायला येईना. तळघरात दुकानाचं गोदाम आहे. तिथं असेल म्हणून जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली. खालून "व्हय आबा" आलं. थांबलो. प्रांजली आली ती वरच्या मजल्यावरून. खाली गेलेच नव्हते म्हणाली. माझे कान गेले असतील.

६ जून
आज मुद्दाम जिन्यात तीनदा तिच्या नावानं हाक मारली. तिन्ही वेळा ओ आली. तिसरी जवळून.

८ जून
झाडलोट करणाऱ्या सरूबाईला सांगितलं. ती हसली. "धनगराचे ना तुम्ही, आबा? मग बारवेत कशाला वरडता? लई जुनी पायऱ्यांची बारव व्हती इथं. वरून स्लॅब टाकला, तळघराच्या पायऱ्या त्याच हायत."
 आमच्यात बारवेच्या तोंडाशी माणसाला नावानं हाक मारत नाहीत. पाण्याला नाव कळलं की ते माणूस मागतं. बाप सांगून गेला होता. मी नातीचं नाव चार वेळा आत टाकलं.

९ जून
नोकरी सोड म्हणालो. गावाकडं काय ठेवलंय, म्हणाली. हसली. तिचे केस ओले होते. बाहेर कडक ऊन.

११ जून
बारवेपासून लांब म्हणून तिसऱ्या मजल्यावर गेलो, तिला नावानं हाक मारली. प्रांजली समोर उभी, ओठ मिटलेले. ओ खालून आली.

१२ जून
दिवसभर बोलली नाही. गिऱ्हाईकापुढं साडी उलगडते आणि तशीच — नजर जिन्याकडं. सरूबाई म्हणते दवाखान्यात न्या. तिथं काय सांगू —

१३ जून, दुपार
जिन्यावर खुर्ची आडवी टाकून बसलोय. तिचं नाव तोंडातून काढायचं नाही.
आली. बाजूनं उतरली. हात धरला — थंड, निसटला.
चौथी पायरी. पाणी दिसतंय. इथं पाणी नव्हतं —
नाव घेतलं तर पाण्याची. नाही घेतलं तर ती वळत नाही —
ती कमरेपर्यंत पाण्यात —
प्रां