आळशी सहकारी परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. कमान अधिकारी,
लष्करी वाहन दुरुस्ती कार्यशाळा

विषय : बदली झालेला आळशी सहकारी परत मिळणे, अथवा तितकाच आळशी दुसरा मिळणे.
संदर्भ : माझा यंदाचा कार्यमूल्यमापन अहवाल.

महोदय,

१. मी ब्रेक विभागात मेकॅनिक आहे. गेल्या वर्षी मला दहापैकी आठ गुण होते व शेरा होता, 'सरासरीपेक्षा सरस'. यंदाही आठच आहेत. शेरा आहे, 'सरासरीपेक्षा कमी'. पत्नीने विचारले, "अहो, एखादी गाडी बिघडवलीत का?" म्हणून मी चौकशी केली.

२. चौकशीअंती कळले की, आठ म्हणजे किती हे आठावर नव्हे, शेजारच्यावर ठरते. विभागप्रमुख आम्हा सर्वांना जे गुण देतात त्यांची सरासरी काढतात आणि प्रत्येकाला तिच्याशी ताडून पाहतात. पूर्वी आमच्यात डुलकीबुवा होते. ते जीपखाली शिरत ते दुरुस्तीसाठी नव्हे, सावलीसाठी. त्यांना तीन गुण मिळत आणि त्यांच्या जिवावर आम्ही सगळे सरस ठरत असू. त्यांची बदली झाली तेव्हा आम्ही मूर्खांनी चहा वाटला. आता उरलेल्या दोघांना नऊ-नऊ आहेत. वासरांत लंगडी गाय शहाणी हे खरे. पण वासरूच नेले तर गाईने काय करावे?

३. पुढच्या वर्षी हाच शेरा पडला तर बढती जाईल, पाठोपाठ नोकरी जाईल आणि क्वार्टरही. याची मला भीती वाटते, आणि रागही येतो. आळीपाळीने वाईट काम करू, असे सहकाऱ्यांनी सुचवले. परंतु ब्रेकचे काम वाईट करून पाहता येत नाही. आमच्या गाड्यांतून घाट उतरणारे जवान सरासरीने पोचून चालत नाही, सगळेच पोचावे लागतात.

४. तरी डुलकीबुवांना परत पाठवावे, ही विनंती. ते मोकळे नसल्यास त्यांच्या तोडीचा माणूस द्यावा. त्याच्या वाटचे काम मी करीन.

आपला नम्र व सरासरीखालील,
(सही)
मेकॅनिक, ब्रेक विभाग
दिनांक : अहवाल हाती पडल्याचा दुसरा दिवस

सोबत : दोन्ही वर्षांच्या अहवालांच्या प्रती

ता.क. : अर्ज देण्यापूर्वीच फलकावर आदेश लागला. डुलकीबुवा जिथे गेले तिथे त्यांच्याहून गाढ झोपणारे निघाले. त्यामुळे ते सरस ठरले आणि बढतीवर आमचे विभागप्रमुख म्हणून परत येत आहेत. मागणी मान्य झाली म्हणायची. मात्र गुण देणाऱ्याचे गुण सरासरीत धरत नाहीत. आता नियमाप्रमाणे हा अर्ज त्यांच्यामार्फतच आपल्याकडे येईल. डुलकीसाहेब जागे झाले की.