पहिल्या नंबराचं बिऱ्हाड

आदरणीय मेहुणेराव एराक्लिओ यांस,
आर्सेसिओचा टोपी काढून नमस्कार.

तुमची, ओतिलियावहिनींची आणि वहिनींच्या उजव्या गुडघ्याची तब्येत ठीक असावी अशी देवमातेच्या चरणी प्रार्थना आहे. त्याचबरोबर माझी बायको फाबिओला (म्हणजे तुमची धाकटी बहीण), माझा पलंग, लोखंडी चूल, शिवणयंत्र, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, जिरेनियमच्या कुंड्या आणि खुडूक कोंबडी ही सगळी मंडळी तुमच्या घरी सुखरूप असतील अशी आशा करतो. कोंबडीला मका भिजवून लागतो. पलंगाचा डावा पाय आखूड आहे, त्याच्याखाली काहीतरी सारावं. आम्ही इकडे मजेत आहोत. आम्ही म्हणजे मी आणि पाचा. बाकी इकडे कोणी आणि काही उरलेलं नाही.

सणाच्या दिवसांत तुम्ही दोघं मुलीकडे पेरेइराला गेलात आणि परत येऊन बघता तर ओसरीवर माझं अख्खं घर मांडलेलं आणि चुलीपुढे बहीण. तिला विचारलंत तर ती म्हणाली, "आर्सेसिओला विचारा." तुम्ही लीहियाबाईंच्या दुकानात फोन केलात हे खरं आहे, पण मी तिथे पोचेपर्यंत निम्मी वाडी काउंटरला कोपरं टेकून उभी होती, आणि असल्या गोष्टी निम्म्या वाडीदेखत सांगायच्या नसतात. (सांगायची गरजही नव्हती. त्यांना सगळं माझ्याआधी कळलेलं असतं.) म्हणून हे पत्र. घडलं ते जसंच्या तसं लिहितो. वाचून दोष कोणाचा ते तुम्हीच ठरवा, आणि तो पाचाचा आहे असं एकदा ठरलं की फाबिओलाची समजूत काढून तिला घरी पाठवा. तीस-बत्तीस वर्षांचा संसार एका जीपपायी मोडायला ती काही कालची पोर नाही.

पाचाला तुम्ही ओळखता. वडिलांनी चोपन्न साली ती विलीस जीप घेतली आणि प्रेमाने तिला माझ्या आईचं नाव दिलं. आईला ते आवडलं नव्हतं, पण पुढे गुण बघता नाव अगदी चपखल बसलं. सकाळी लवकर उठत नाही, चढावर धापा टाकते, तापली की थंड फडकं मागते आणि उतारावर कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आई देवाघरी गेली. फाबिओला म्हणते, तिच्या नशिबी दोन सासवा होत्या, एक माजघरात आणि एक अंगणात, आणि अंगणातली जास्त चिवट निघाली. मी हे हसण्यावारी न्यायचो. बायकांच्या बोलण्यात सासू यायचीच, घरोघरी मातीच्या चुली.

आता जुन्या गाडीची देखभाल करायची म्हणजे घरातल्यांना थोडी कळ सोसावी लागतेच. दुसरा गिअर आपोआप सुटतो, त्याला फाबिओलाच्या एप्रनच्या नाडीने बांधावं लागतं. (एप्रन नवा होता हे मला नंतर कळलं.) कार्ब्युरेटर उकळायला खोल भांडं लागतं, आणि आमच्याकडे खोल भांडं म्हणजे सूपाचं पातेलं. मागे एका रविवारी तुम्ही जेवायला आला होतात आणि सूप "जरा वेगळंच" लागतंय म्हणाला होतात, ते हेच. पाचाच्या मागच्या चाकांचा कणा उघडला तेव्हा तो पावसात कसा ठेवणार, म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि नाताळ होईपर्यंत आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. स्वयंपाकघराचं छप्पर चुलीच्या बरोब्बर वर गळतं असं तिचं म्हणणं होतं. मी जस्ताचे पत्रे आणलेही, पण त्याच आठवड्यात पाचाच्या वायरिंगमध्ये पाणी शिरलं, तेव्हा ते पत्रे पाचावर घातले. चूल भिजली तर पुन्हा पेटते, वायरिंग पेटलं तर काय करायचं, हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं होतं. तिने एक पातेलं उचललं आणि आत गेली. मला वाटलं पटलं.

आणि ब्रेक. पाचाचा ब्रेक वडिलांच्याच काळात थकला. पाय दाबला की ती विचार करते, आणि उभी केली की हातब्रेकला न जुमानता चालू लागते. आपल्या या डोंगरात सपाट जागा म्हणाल तर चर्चमधली वेदी तेवढी, म्हणून थांबायचं झालं की कोणीतरी उडी मारून चाकाखाली लाकडी ठोकळा सारावा लागतो. लग्न झाल्यापासून ते काम फाबिओलाकडे आहे. पेरूच्या लाकडाचा तो ठोकळा ती मांडीवर घेऊन बसते, मी "आता" म्हटलं की उतरते, गाडीमागे धावते आणि ठोकळा लावते. प्रार्थनेला जाताना, बाप्तिस्म्याला जाताना, पावसात, उंच टाचांच्या चपलांत. तुमच्या थोरलीच्या लग्नातला फोटो काढून बघा, सगळ्या बायकांच्या हातात फुलं आहेत आणि फाबिओलाच्या हातात ठोकळा. ती दर वर्षी म्हणायची, "ब्रेक करून घे." मी म्हणायचो, यंदाची जीपांची मिरवणूक होऊ दे. ब्रेक काय, छप्पर काय, सगळं मिरवणुकीनंतर.

मिरवणुकीचं माझं वेड तुम्हाला नवीन नाही. कॉफीची पोती लादलेल्या जीपांचा गट कोणीही जिंकेल. खरी परीक्षा बिऱ्हाडाच्या गटात. एका जीपवर अख्खं घर चढवायचं, आणि ते घर खरं वाटलं पाहिजे. मागच्या वर्षी आमच्या पलंगावर गादीऐवजी भुसा भरलेली पोती होती आणि पातेल्यांवर दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या होत्या. परीक्षक म्हणाले, हे घर नव्हे, दुकान आहे, यात कोणी नांदलेलं नाही. ते शब्द मला वर्षभर लागून राहिले. म्हणून या वर्षी मी फाबिओलाला बजावलं की आपलं खरं घर न्यायचं. ती तव्यावरची मक्याची अरेपा उलटता उलटता थांबली आणि म्हणाली, "सगळं?" मी म्हटलं, "सगळं. चमचासुद्धा मागे ठेवायचा नाही."

मेहुणेराव, त्या बाईने जो उत्साह दाखवला तो पाहून माझे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत तिने पाचासाठी असं मनापासून काही केलं नव्हतं. पेटी भरली, उन्हाळी-हिवाळी कपडे घड्या घालून ठेवले, तुमच्या आईचा फोटो उशीत गुंडाळला, चष्म्याचं घर घेतलं, गुडघ्याचं मलम घेतलं. मी म्हटलंसुद्धा, मलम परीक्षकांना दिसणार नाही. ती म्हणाली, असू दे, घर खरं वाटायला हवं. माझा दुसरा शर्ट आणि दाढीचं सामान मात्र तिने खुंटीवरच ठेवलं. घाईत राहिलं असेल असं मी समजलो.

नाकापेक्षा मोती जड अशी पाचाची अवस्था झाली होती. सगळ्यात वर तसबीर, तिच्या शेजारी टोपलीत कोंबडी, आणि मागून ठोकळा घेऊन चालणारी फाबिओला. चौकात परीक्षकांनी गाडीभोवती फेरी मारली, पेटी उघडायला लावली, झाडू कुठे आहे विचारलं, झाडू होता. मग त्यांच्यातल्या टक्कलवाल्याने फाबिओलाला विचारलं, "काय हो बाई, हे सामान घेऊन खरंच कुठे राहायला जाता येईल का?" ती म्हणाली, "येईल की. आज संध्याकाळीच." अख्खा चौक हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. त्या एका उत्तरावर आम्हाला पहिला नंबर मिळाला, आणि बक्षीस म्हणून चार नवे टायर. मी टायर कवटाळून तिला म्हणालो, "बघ, पाचाचं नशीब उघडलं." तिने परीक्षकांनी उघडलेली पेटी बंद केली.

यापुढचं सगळं पाचाने केलं. परतताना तुमच्या गल्लीचा चढ लागला. लोक दुतर्फा उभे होते आणि ओरडत होते, "आर्सेसिओ, उभी कर, उभी कर!" पहिला नंबर आलेल्या माणसाला अशा वेळी मान खाली घालून घरी जाता येत नाही. मी क्लच झटक्यात सोडला, पाचाची पुढची चाकं उचलली गेली, टाळ्या पडल्या. चाकं खाली यायला हवी होती. आली नाहीत. मागे ओझं, समोर चढ, पाचाचं बूड रस्त्याला टेकलं, इंजिन बंद पडलं आणि ती तुमच्या दाराशी तोंड आभाळाकडे करून बसली, मी स्टिअरिंगला लोंबकळत. फाबिओलाने धावत येऊन ठोकळा लावला आणि म्हणाली, "सामान उतरवल्याशिवाय ही खाली यायची नाही." बोलणं बरोबर होतं. गल्लीतल्या पोरांनी हातोहात सगळं उतरवलं. तुमचं कुलूप तिने उघडलं. किल्ली तिच्या खिशात होती. कुंड्यांना पाणी घालायला वहिनींनी दिली असेल, असं मला त्या वेळी वाटलं. पण कुंड्यांना पाणी घालायला डोंगरावरून कोणाला बोलावत नाहीत, हे मला घरी पोचल्यावर सुचलं. (वहिनींना मी काही म्हणत नाही. त्यांच्या गुडघ्याला आराम पडो.)

शेवटची पेटी उतरली तशी पाचा धपकन चार चाकांवर आली. मी म्हटलं, "चला, भरा परत." फाबिओलाने वाकून चाकाखालचा ठोकळा काढला, काखेत मारला, आत गेली आणि कडी लावली. ठोकळा काढल्यावर पाचा काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे. मी कसाबसा आत उडी मारली आणि आम्ही उलटे, सरळ चौकात, जिथे लोक अजून बँड ऐकत होते. त्यांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. पुन्हा टाळ्या पडल्या. पाचा चालू करून मी परत वर आलो, पण मेहुणेराव, थांबणार कसा? चढावर ठोकळ्याशिवाय पाचा थांबत नाही. तुमच्या दारावरून जाताना "फाबिओला, दार उघड" एवढं म्हणेपर्यंत दार मागे पडलं. वर जाऊन वळून आलो, उताराने तर तेवढंही बोलून होईना. असे बरेच फेरे झाले. तुमच्या समोरच्या म्हातारबुवांनी शेवटी खुर्ची बाहेर आणली. अखेर पेट्रोल संपायला आलं तसा मी घरी आलो आणि पेरूच्या झाडाला टेकवून गाडी थांबवली. हल्ली तशीच थांबवतो. झाड आता फार दिवस काढणार नाही.

घर रिकामं असलं की बोललेलं परत ऐकू येतं. मी पाचाच्या सीटवर झोपतो आणि लीहियाबाईंकडे जेवतो, त्या वाढताना उसासा टाकतात. स्वयंपाकघराचं छप्पर खरोखरच गळतं. मला ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं, कारण त्याखाली ठेवलेलं पातेलं तुमच्याकडे आहे. तेव्हा आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? मी सगळं घे म्हणालो, तिने घेतलं. पाचाने मधेच बसकण मारली नसती तर आम्ही सरळ घरी आलो असतो. हे सगळं फाबिओलाला समजावून सांगावं. ती ऐकत नसेल तर निदान चूल तरी परत पाठवावी, आणि चुलीबरोबर ती पेटवायला कोणी आलं तर माझी हरकत नाही.

वहिनींना नमस्कार, कोंबडीला मका.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
आर्सेसिओ

ता. क. चुलीचं राहू द्या. या रविवारी प्रार्थनेनंतर मी स्वतः येतो. पण थांबायला ठोकळा हवा आणि तो तिच्याकडे आहे. तेव्हा घंटा झाली की तिला ठोकळा घेऊन दारात उभं राहायला सांगा, एवढी एकच मुख्य विनंती. बाकी पत्र नाही वाचलंत तरी चालेल.

ता. क. पाचावरचे जस्ताचे पत्रे काढून मी स्वयंपाकघरावर ठोकले. अंगठा काळानिळा झाला आहे, पण काल मुसळधार पाऊस झाला आणि एक थेंब आत आला नाही. पाचा भिजली. वायरिंगचं बघू. हे तिला सांगा, पण मी सांगायला सांगितलं असं सांगू नका.

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता लिहितो. ब्रेक करून घेतला. नवे टायर तिबेरिओ मेस्त्रीला दिले, त्याने त्या बदल्यात चारही चाकांचं काम केलं. पाय टेकवला की पाचा जागच्या जागी उभी राहते, मलाच भीती वाटते. तेव्हा ठोकळा खुशाल चुलीत घाला, किंवा त्या पलंगाच्या पायाखाली सारा. रविवारी ती नुसती दारात उभी असली तरी पुरे, हातात काही नको. आणि नसली, तर मी ब्रेक लावणार नाही. तसाच खाली चौकात जाऊन वळून घरी जाईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन. म्हातारबुवांना खुर्ची बाहेरच ठेवायला सांगा.