खंडेनवमीला क्रुगेलची थापी

ती. नाथाजीमामांस, मिलवॉकीहून राजवर्धनचा दंडवत. गुडघा कसा आहे? मामींची साखर? (फोनवर अर्धं म्हसवड ऐकतं, म्हणून पत्र.) श्रद्धाताईची नोकरी जाता जाता राहिली, तेवढं आधी वाचा. जाणार होती ती माझ्यामुळं.

ताईच्या म्युझियममध्ये मी बसल्या बसल्या धूळ पुसतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते म्युझियम क्रुगेल नावाच्या आर्किटेक्टचं. माणूस मूळचा तुमच्यासारखा गवंडी. दीडशे वर्षांमागं जर्मनीहून बोटीनं आला, दिवसा विटा रचायचा, संध्याकाळी नकाशे शिकायचा. आधी बिअरचे कारखाने बांधले, मग चर्च, मग कोर्ट. (चर्चच्या मनोऱ्यावर मी चढलो. वारं महाबळेश्वरचं, पण मक्याचं कणीस मिळत नाही.) पुढं लोखंडी सांगाड्याच्या उंच इमारतींची टूम निघाली. हा विटेवर अडून बसला आणि कामं आटली. शेवटी घोड्यांचा तबेला मिळाला, तर त्यालाही गड्यानं कमानी काढल्या. तुम्ही हरिबाच्या गोठ्याला काढल्या तशाच.

त्याची हत्यारं काचेच्या पेटीत असतात. परवा खंडेनवमी झाली. तो ओळंबा, ती थापी तशीच बिनपूजेची पडलेली बघून मला राहवेना. ताईच्या पर्समधली किल्ली घेतली, पेटी उघडली, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू नव्हता म्हणून शेवंती घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्युझियमच्या मोठ्या मॅडमना वाटलं, हत्यारांना गंज चढला. कळल्यावर त्यांनी ताईकडून किल्ली काढून घेतली आणि घरी जायला सांगितलं. ताई मला एवढंच म्हणाली, "राजा, तुला आवरायला आता मिलिटरीच बोलवावी लागंल."

पेटीतला माल क्रुगेलच्या नव्वदीतल्या पणतीनं दिलेला, म्हणून मॅडमनी दुपारी तिला बोलावलं. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमचे मामा वर्षातून एक दिवस हत्याराला राबवत नाहीत, त्याच्या पाया पडतात. म्हातारीनं थापी मांडीवर घेतली. म्हणाली, आमच्या घरात हिच्यापुढं कुणी वाकलं नाही, सगळे किंमतच विचारत आले. मग थापी पदराखाली धरावी तशी कोटात धरून घरी घेऊन गेली. जाताना मॅडमना दटावून ताईची किल्ली परत द्यायला लावली.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
राजवर्धन

ता. क. उन्हाळ्यात तुमची थापी हरवली म्हणून हाताखालच्या सिद्धूला बोललात, ते मागं घ्या. ती मी आणली. परमुलखात तुमचं काहीतरी जवळ असावं वाटलं, आणि मागितली असती तर तुम्ही नवी घेऊन दिली असती.

आणखी एक. पूजेला तुमची थापी क्रुगेलच्या थापीशेजारीच मांडली होती. कुंकू पुसल्यावर दोन्ही मुठी एकाच अंगठ्यानं झिजवल्यासारख्या निघाल्या, कुठली कुणाची कळेना. एक म्हातारीनं नेली, दुसरी काचेत आहे, आणि अजून कुणी मोजलेलं नाही. तुमच्या थापीला काही खूण असली तर ताईला न कळू देता कळवा. नसली तर दोघीही गवंड्याच्याच, मी गप बसतो.