बारीक ताप

आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

रफूच्या दुकानात माझं छान चाललंय. परवा एका कोटाचं जळकं भोक असं भरलं, की मालकांना भिंगातूनही सापडेना. म्हणाले, “बारीक काम आहे हं तुझं!” तेव्हापासून माझ्यावरच बारीक नजर ठेवून असतात. या शब्दाचा काही भरवसा नाही बघ. मी मात्र बारीक झालेली नाही, शपथ.

तुझं पत्र मिळालं. ‘बारीक ताप आहे, काळजी नको.’ आई, मी रफूवाली. दुसऱ्यानं केलेलं रफू मला लगेच दिसतं. वाणसामानाची यादीसुद्धा तू कुणाला लिहू देत नाहीस. ताप बारीकच आहे, तर पत्र ताईच्या अक्षरात का?

उत्तर तुझ्या हातचं हवं. वाकडी एक ओळही चालेल.

तुझी धाकटी