साटेखत

कलकत्ता, १२ जानेवारी १९७३

रा. रा. श्रीकांतराव यांस,
सा. न. वि. वि.

तुमची बायको, म्हणजे माझी धाकटी बहीण उज्ज्वला, परवा हावड्याला एकटी उतरली. कपाळावर खोक. चहा गार झाला म्हणून पाहुण्यांदेखत कपबशी फेकून मारलीत असे कळले. धन्य आहात!

आपल्या वडीलधाऱ्यांनी साटेलोटे केले. माझी बहीण तुम्हाला, तुमची मला. साटे म्हणजे अदलाबदल. एक नग परत आला की दुसराही परत जातो. महिनाअखेरीस मालतीला गाडीत बसवून देतो, पुण्याला उतरवून घ्यावे.

लोभ असावा असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले.

प्रमोद

पुणे, १७ जानेवारी

रा. रा. प्रमोदराव यांस,
सा. न. वि. वि.

मला शब्द शिकवू नका. दस्तनोंदणी कचेरीत रोज साटेखते माझ्या हातून जातात. साटे हा मुळात बाजारातला शब्द, वस्तूला वस्तू देण्याच्या सौद्याचा. पुढे तो जमिनीच्या कागदाला चिकटला. साटेखत म्हणजे पुढे विकीन असा नुसता वायदा, त्याने मालकी येत नाही. मालकी येते खरेदीखताने. आपली लग्ने होऊन सहा वर्षे झाली, तेव्हा खरेदीखत कधीच झाले. मालतीला इथे जागा नाही. उज्ज्वलाची जीभ ताळ्यावर आली की तिला धाडा.

कमीजास्त लिहिले असेल तर ते मुद्दामच लिहिले आहे.

श्रीकांत

कलकत्ता, २४ जानेवारी

ति. श्रीकांतदादास,
सा. न.

तुझे पत्र मीच दारात घेतले आणि उज्ज्वलाला वाचून दाखवले. ती माझी नणंद आणि तीच माझी वहिनी, त्यामुळे सहा वर्षे आमचे कान फुंकणे सगळ्यांना सोपे गेले. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एका ताटात जेवलो. दोघीही रडलो.

यांनी माझी ट्रंक दाराशी आणून ठेवलीच होती. तीच उचलून निघालो. सियालदहकडे एका बंगाली मावशींकडे खोली मिळाली आहे. मी शाळेत शिवण शिकवतेच, उज्ज्वलासाठीही शब्द टाकला आहे. तिची खोक भरत आली.

तूच सांगायचास, की ज्याची वस्तू त्याची सही नसेल तर कागद रद्दीत जातो. दादा, आमच्या सह्या तपासल्या होत्यास का?

लोभ आहे. पत्ता मात्र कळवत नाही.

मालती
उज्ज्वला